अर्ध्या वस्तूंची हजेरी

आमच्या उद्योगाच्या मास्तरांइतका निर्जीव वस्तूंच्या मनाला जपणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. त्यांचं मन मात्र मला एवढंसंही जपता आलं नाही.

छप्पन साल सरलं होतं. शाळेत 'उद्योग' हा विषय नवाच आला होता. दर शनिवारी पुस्तकं मिटायची आणि बुरूड, कुंभार, सुतार यांच्याकडे जाऊन हातानं काहीतरी करायचं. मुलांना आपापला धंदा सापडावा हा हेतू. तो सापडतो कसा, हे फक्त मास्तरांना ठाऊक. ते कळंबच्या बाजूच्या एका तांड्यावरचे. आजोबा बैलांवर मीठ लादून गावोगाव हिंडलेले, बाप शेतकरी आणि हे मास्तर. त्यांचा नेम असा, की पहिली वस्तू कुणी पुरी करायचीच नाही. अर्धी झाली की उद्योगाच्या खोलीत ठेवायची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जायचं. "जे चीज तुले वापस बोलावन, तो तुहा धंदा. कोणीच नाही बोलावलं, तं जा, कचेरीत खर्डे घास!" थंडीत ते अर्ध्या टोपल्यांवर पांघरूण म्हणून पोतं घालत. उंदीर लागला तर त्याला समजावत, "पोट्टं येईलोक थांब ना बाप्पा!" अर्ध्या माठाशेजारून जाताना आवाज खाली आणत, कारण "तो जरा हळवा हाय."

मुलांची हजेरी झाली की वस्तूंची. वस्तूला नाव त्या मुलाचंच. "गणू!" असं टोपलीला म्हणत, थोडं थांबत, मान हलवून पुढे जात. आम्ही सदऱ्याची बाही तोंडात कोंबून हसायचो. एकदा भर दुपारी, वारा अगदी पडलेला असताना, त्यांनी "दिनू!" म्हटलं आणि माझ्या अर्ध्या स्टुलातून स्वच्छ आवाज आला. टक. हसणं तिथंच थिजलं. "हजर," मास्तर म्हणाले आणि पुढच्या माठाकडे वळले. उन्हानं लाकूड तडकतं हे मला तेव्हाही माहीत होतं. पण चौकोनी पाटाला तीनच पाय, एक कोपरा अधांतरी, तरी ते कधी कलंडलं नाही. मास्तर म्हणत, "कायले पडन? तुही वाट पाहून राह्यलं ते."

सुट्टीत तो आवाज घरी आला. जेवताना, दुपारी सगळे निजले असताना, भिंतीतून टक. मी भ्यालो होतो हे खरं; पण मला स्टुलाकडे परत जायचं होतं, हे त्याहून खरं. विळीवर बाभळीचा चौथा पाय तासायला बसलो आणि वडिलांनी पाहिलं. आमच्या कारकुनांच्या घरात टाकाखेरीज हत्यार कुणी धरलेलं नव्हतं. "हे खूळ कुणी भरवलं?" मी म्हणालो, "मास्तर म्हणतात, आला नाहीस तर स्टूल तुला न्यायला येईल." मास्तर असं कधीच म्हणाले नव्हते. मला सुतार व्हायचंय, हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

वडिलांनी शाळेत तक्रार केली. हेडमास्तरांसमोर मास्तरांनी मला एवढंच विचारलं, "दिनू, म्या भेव देल्ला का तुले?" मी खाली पाहिलं. खोलीला कुलूप लागलं. मास्तर नोकरी सोडून, अर्ध्या वस्तू बैलबंडीत भरून तांड्यावर शेती करायला गेले.

मी कारकून झालो. काही वर्षांनी केळापूरला कामावर जाताना वाट वाकडी करून तांड्यावर गेलो. मास्तर वारले होते. त्यांच्या बायकोला नाव सांगायचा धीर मला झाला नाही. तिनं पाणी दिलं, मग पडवीकडे तोंड केलं. "थांबा भाऊ, हजेरी राह्यली. त्यायनं जाताना सांगतलं होतं, चुकवू नोको. बाकीचे पोट्टे येऊन आपापलं घेऊन गेले. हे एकच राह्यलं." तीन पायांवर ते तसंच उभं होतं.

"दिनू!"

मी टकची वाट पाहिली. कडक ऊन, पान हलत नव्हतं. तिनं पुन्हा हाक मारली. "आज काहून बोलत नाही हे?"

"हजर," मी म्हणालो.

ती आत जाऊन मास्तरांची सुतारकामाची हत्यारं, वाकस आणि पटाशी, घेऊन आली. "लय उशीर केला, पोट्ट्या."

चौथा पाय मी बसवला. तो आखूड निघाला. तीन पायांवर इतकी वर्षं निश्चल राहिलेलं स्टूल आता माझ्या घरी चार पायांवर डुगडुगतं. त्यावर बसूनच हे लिहितो आहे. भर दुपारी कधी लेखणी थांबवून कान देतो. ते काही बोलत नाही.