घरचं भिंग

माझी ताई प्रयोगशाळेत बेडकाच्या पिल्लांचे डोळे अभ्यासते. डोळ्यातलं भिंग काढलं, तरी त्यावरचा पारदर्शक पडदा नवं भिंग घडवतो. हे कसं, एवढंच ती वर्षानुवर्षं शोधते आहे.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आईला परवा आम्ही तिथे नेलं. सूक्ष्मदर्शकाखाली बशीत एक पिल्लू शेपूट हलवत होतं. डोळ्यात दवासारखं कोवळं भिंग.

"माझं दुकानातलं गं, याचं घरचं!" आई हरखली.

उजेडाला नुसती वाट देणारा पडदा वेळ आली की स्वतःच भिंग होतो! मला उगाचच श्रीमंत वाटलं.

आईने बशीवरून हात ओवाळून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मी ताईकडे पाहिलं. आता ही चिडणार.

"आई," ताई म्हणाली, "शेजारच्या बशीतल्यांचीही दृष्ट काढ. त्यांचं अजून यायचंय."