गरम पाण्याचा बोअर

यवतला टपरीवर आमची बोअर मशीनवाली मंडळी जमली की विषय कुठूनही निघो, गाडी शेवटी हिमाचलातच जाऊन थांबते. काम होतं एका मोसमाचं, पण किस्से एवढे साठलेत की अजून कुणीतरी नवा काढतोच. मी तेव्हा मशीनची गाडी चालवायचो आणि आप्पा आमचे ड्रिलर.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. पुण्याच्या एका भूगर्भवाल्या मॅडमनी आमची मशीन ठरवली. डोंगरातल्या एका गावची सरकारी शाळा थंडीपायी हिवाळाभर बंद असायची. जमिनीखालच्या गरम पाण्यानं ती तापवता येईल का, ते बघायचं होतं.

निघताना आप्पांनी आम्हाला बजावलं, "गरम पान्यासाठी एवढ्या लांब चाललोय, हे गावात बोलू नका. लोक म्हंतील, मे महिन्यात आमच्या टाकीची तोटी सोडा की!"

*

मशीन लावण्याआधी नारळ फोडायची आमची पद्धत. तिथं नारळ कुठला मिळायला? आप्पांनी सफरचंद घेतलं, हात जोडले आणि दगडावर आपटलं. ते टुणकन उडून उताराला लागलं आणि एका बकरीनं खाऊन टाकलं.

"पोचलं," आप्पा म्हणाले. "करा चालू."

*

पहिल्याच बोअरला पाण्याचा हा मोठा फवारा उडाला. दौंडकडं असा उडाला असता तर लोकांनी आप्पांना खांद्यावर घेतलं असतं. आम्ही सवयीनं नाचायला लागलो. आप्पांनी खिशातली गुलालाची पुडी काढून मॅडमना टिळासुद्धा लावला. मॅडम मात्र पाण्यात बोटं बुडवून रडवेल्या झालेल्या.

"आप्पा, थंड आहे हो हे."

शाळेच्या हेडबाई तिथंच उभ्या होत्या. यंदाही शाळा बंदच ठेवायची का, एवढंच त्यांनी विचारलं. आम्हाला फार ओशाळल्यासारखं झालं. आप्पांनी गुलाल खिशात घातला आणि कुणी सांगायच्या आत मशीन मॅडमनी करून ठेवलेल्या दुसऱ्या खुणेवर न्यायला लावली.

*

तिथं मात्र वाफा आल्या. मॅडम थर्मामीटर आणायला तंबूकडे पळाल्या. परत येतात तो आमची सगळी टीम उघडीबंब, बादल्या घेऊन बसलेली! कित्येक दिवसांत कुणी अंगाला पाणी लावलं नव्हतं. मॅडमनी पाठ फिरवली आणि पाणी कितपत गरम आहे, ते तरी सांगा म्हणाल्या.

आप्पा ओरडले, "लई कडक हाय, मॅडम. गार पान्याचं इसण घ्यावं लागतंय."

*

पण नुसतं पाणी लागून भागणार नव्हतं. सगळ्या शाळेला पाइप टाकायचे की नाही, हे जिल्ह्याचे साहेब ठरवणार होते. ते नाही म्हणाले की शाळा पुन्हा बंद. म्हणून मॅडमनी एकाच वर्गाच्या फरशीखालून पाइप फिरवले, गरम पाणी सोडलं आणि साहेबांना बोलावलं.

साहेब आले त्या दिवशी बर्फ पडत होता. दारातून बघतात तर अख्खा वर्ग फरशीवर गाढ झोपलेला. ते भडकलेच. असा अभ्यास चालतो का इथं, म्हणाले. हेडबाईंनी तोंडावर बोट ठेवलं आणि त्यांच्या बुटांकडे हात केला. साहेबांनी बूट काढले, एक पाय फरशीवर टेकवला आणि लगेच दुसराही टेकवला. जरा बसून बघतो म्हणाले आणि भिंतीला टेकले. हेडबाईंनी बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

आम्ही सगळे जीव मुठीत धरून बाहेर उभे. बराच वेळ झाला तरी आतून आवाज नाही. शेवटी आप्पांनी दार किलकिलं केलं आणि आत डोकावून हळूच पुन्हा लावलं.

"काय म्हणतायत?" मॅडमनी विचारलं.

"मंजूर हाय," आप्पा म्हणाले. "सही उठल्यावर करत्याल."