चौथ्या भागातली किल्ली

कोपऱ्यावरच्या टीचभर दुकानात किल्ल्या घासत बसणाऱ्या त्या माणसाला सगळे किल्लीवाले म्हणायचे. संशय घेणं हा त्याच्या धंद्याचाच भाग. "अहो, माझ्याच घराची किल्ली हरवलीय," असं कुणी रडकुंडीला येऊन सांगितलं, तरी हा पठ्ठ्या आधी दोन शेजाऱ्यांना विचारणार आणि मगच कानस हातात घेणार.

पण चौदा वर्षांच्या लेकीपुढे त्याची मती गुंग झाली होती. बायको जाऊन दोन वर्षं झालेली. शाळेतून आल्यावर संध्याकाळपर्यंत पोरगी घरात एकटी. महिनाभरापासून ती दाराला आतून खुर्ची लावून बसायची. एकदा तो डबा विसरला म्हणून भर दुपारी घरी गेला, तर किल्ली फिरवूनही दार हलेना. हाका मारल्यावर एकदाचं उघडलं. पोरगी समोर उभी, हातात त्याचीच हातोडी!

"अगं, हे काय?"

"काही नाही. मालिका बघून घाबरले."

मालिका कोरियन, भुताखेतांची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने थोरल्या बहिणीला फोन लावला. "पोरीने त्या मालिकेचं खूळ डोक्यात घेतलंय बघ," तो म्हणाला.

"मग बंद कर ना! कोवळं वय आहे. उद्या पोर हातची गेली तर कुणाच्या नावाने बोटं मोडशील?"

जिन्यात वरच्या मजल्यावरचे काका भेटले, त्यांनाही त्याने हे सांगितलं. भला माणूस. बायको गेली तेव्हा अडीअडचणीला असावी म्हणून घराची दुसरी किल्ली त्याने काकांकडेच ठेवली होती, स्वतः घासलेली.

"मोबाइल काढून घ्या तिचा," काका म्हणाले. "असल्या मालिका बघून मुली मनाचं काहीबाही रचतात. ती काही सांगायला लागली तर फार मनावर घेऊ नका."

त्याने मोबाइल काढून घेतला. काकांचं बोलणं मात्र त्याच्या कानात अडकून बसलं. ती तर कुणालाच काही सांगत नव्हती. मग न सांगितलेलं मनावर घेऊ नका, असं हे आधीच का सांगून ठेवत होते?

दुकानात येऊन त्याने तिच्याच मोबाइलवर मालिका लावली. उघडून पाहिल्याशिवाय कुलपालाही नावं ठेवायची नाहीत, हा त्याचा खाक्या. मोबाइलमध्ये आधी पाहिलेल्याची नोंद होती: पोरीने चौथा भाग सात वेळा पाहिला होता, पाचवा एकदाही नाही. त्याने चौथाच लावला. करड्या कोटातलं एक भूत. बंद दारातून त्याला आत येता येत नाही. म्हणून ते घरमालकाशी गोड बोलतं, उपयोगी पडतं, आणि एक दिवस घरमालकच आपल्या हाताने त्याला किल्ली देतो. घरातली मुलगी ओरडून सांगते. सगळे म्हणतात, हिला भास होतात.

किल्लीवाल्याला काकांकडची किल्ली आठवली. शटर अर्धवट ओढून तो धावतच घरी आला.

"बाळा, वरचे काका माझ्या माघारी घरी येतात?"

पोरीने दार लावून खुर्ची पुन्हा त्याला टेकवली.

"तीनदा आले. बेल न वाजवता. अगदी चिकटून बसायचे, हात धरायचे. मला नाही आवडायचं, बाबा. शेवटी मी ओरडले, तेव्हा गेले. त्या दिवसापासून खुर्ची लावते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला असता, मालिकेचं खूळ डोक्यात घेतलंय."

आणि तो म्हणालाच होता, सकाळी, फोनवर, अगदी याच शब्दांत! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. काकांचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. जगभराच्या किल्ल्यांवर संशय घेतला, आणि स्वतः दिलेल्या एका किल्लीवर घेतला नाही.

त्याने तिथल्या तिथे दाराचं कुलूप उतरवलं आणि दुकानातून आणून नवं बसवलं. किल्ल्या दोनच. काका जिन्यातून "काही गैरसमज होतोय" म्हणत खाली आले, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तो आता पोलिसांना सांगा."

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "बंद केलीस का रे ती मालिका?"

"नाही ताई, कुलूप बदललं. तू उद्या ये. पोलीस चौकीत जायचंय."

पोरीने खुर्ची उचलून टेबलापाशी ठेवली. त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला. "पाचवा भाग का नाही बघितलास?"

"त्या मुलीवर शेवटी कुणी विश्वास ठेवतं की नाही, हे बघायची भीती वाटत होती."

तो तिच्याशेजारी बसला. "लाव," म्हणाला.