'अ', 'ब' आन् बांध

खुटबावच्या ईश्वरआप्पाची चुलतभावाशी, संपतशी, बांधाची केस वीस वर्सं चालली. तारखांना वैतागून आप्पानं ठरवलं, आता आपणच वकील व्हायचं. जुनी बी.ए. होतीच. साठीत गडी लॉ सीईटीच्या अभ्यासाला बसला. सून सुवर्णा सराव घ्यायची.

"मामा, 'ब'नं 'अ'चं झाड तोडलं. दोषी कोण?"

"संपत."

"संपत पर्यायात न्हाई वो!"

"मंग 'ब' दुसरं कोण हाय?"

परीक्षेत आप्पानं जिथं तिथं 'ब'लाच दोषी धरलं आन् काठावर पास झाला.

कॉलेजात पहिल्या दिवशी बघतो तर बाकावर संपत! त्यानं सगळीकडं 'अ'ला दोषी धरलं होतं.

सर वर्गात आले, तवा आप्पा खडूनं बाकावर बांध आखत होता आन् संपत तो कोपरानं कोरत होता.