ओटीभरणाच्या घट्ट बांगड्या

मित्रहो, आज दुपारी इथे नाशिकच्या एका रुग्णालयात, शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी ऐकलेला आवाज अजून कानातून जात नाही.

आठव्या महिन्यात माझ्या मुलीचा रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीवर गेला. सिझेरियन तातडीने करणे भाग होते. भूल देताना क्षणाक्षणाचा दाब कळावा म्हणून भूलतज्ज्ञ बाईंना मनगटातील धमनीत सुई घालायची होती. पण सुजलेल्या हातांतून ओटीभरणाच्या हिरव्या बांगड्या निघेनात.

"बाळ येण्याआधी बांगड्या वाढवायच्या? नको हो," पत्नी म्हणाली.

"काकू, भूल देताना दाब उसळला किंवा कोसळला, तर दोघांच्याही जिवाला धोका आहे," भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

स्ट्रेचरवरून मुलगी म्हणाली, "आई, फोड गं. मला तू दोन-दोन दिसतेयस."

पत्नीने त्या स्वतःच्या हाताने फोडल्या.

नातू सुखरूप आहे. मुलगी अतिदक्षता विभागात आहे. धोका टळला, असे डॉक्टर अद्याप म्हणत नाहीत.

गेल्याच आठवड्यात त्या रुतलेल्या बांगड्या पाहून आम्ही सर्व हसत म्हणालो होतो, "अंग कसं छान भरलंय!"

आपल्या घरी कुणाच्या बांगड्या अशा घट्ट झाल्या असतील, तर कौतुक करण्याआधी रक्तदाब मोजून घ्याल ना?