मागच्या दाराची काच

जुन्या मोटारीत बसलो की आजही माझा हात आधी काचेच्या हँडलकडे जातो, आणि ते प्रकरण जसेच्या तसे आठवते.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. उदगीरकडच्या आमच्या ठाण्याची पाटी नवी, बाकी सगळे जुनेच. त्यात दुष्काळ. टँकरवरची भांडणे मिटवता मिटवता ठाणे अंमलदार मेटाकुटीला आला होता. नव्या साहेबांना प्रत्येक तपास तातडीने हवा, आणि मी तिथला फौजदार, स्वभावाने मुळात उतावळा. खुर्चीत बसवत नसे.

अशात एक आडत व्यापारी तक्रार घेऊन आला. आदल्या दिवशी तो म्हाताऱ्या वडिलांना भाड्याच्या मोटारीने देगलूरहून घेऊन आला होता. घरी पोचल्यावर वडिलांच्या गळ्यातले इष्टलिंग चांदीच्या डबीसकट गायब. संशय ड्रायव्हरवर. म्हातारा जुन्या वळणाचा लिंगायत. लिंगपूजा झाल्याशिवाय अन्नपाणी घेणार नाही. कालपासून त्याने पाण्याचा थेंब घेतला नव्हता, आणि ऊन तर धडधाकट माणसालाही सोसवत नव्हते. चांदी गेली खड्ड्यात, मला म्हाताऱ्याच्या जिवाची धास्ती लागली.

दुपारी खबऱ्याने सांगितले, तो ड्रायव्हर स्टँडवर सकाळपासून मागच्या दाराशी स्क्रू ड्रायव्हर घेऊन झटतो आहे. मला वाटले, चोर मुद्देमालासह सापडला. गाडी आणि माणूस, दोन्ही ठाण्यात आणले.

ड्रायव्हर बौद्ध वस्तीतला, पस्तिशीचा, कमी बोलणारा.

"मी न्हाई घेतली, साहेब. काच अडकून बसलीय, हँडल फिरंना. तेच दुरुस्त करायलो होतो."

गाडी वाटेत थांबली होती का, असे विचारले. मालक, म्हणजे तो व्यापारी, पाणी शोधायला विहिरीकडे गेले होते, एवढेच तो म्हणाला. तेवढ्या वेळात गाडीत काय घडले, यावर तोंडाला कुलूप. हवालदाराचे हात शिवशिवू लागले, म्हणून त्याला बाहेर पाठवले. खोटे बोलणारा माणूस भरमसाट बोलतो, असा माझा अनुभव. हा मात्र नुसता खाली बघत होता.

मला चैन पडेना. गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसलो आणि हँडल फिरवू लागलो. थोडे फिरले, मग आत कशाला तरी अडून थांबले. पुन्हा फिरवले, पुन्हा तेच. उठलो, पंच बोलावले, व्यापाऱ्याला वडिलांसह यायला सांगितले. म्हाताऱ्याला दोघांनी धरून आणले. ओठांना भेगा पडल्या होत्या.

दाराचे आतले आवरण ड्रायव्हरकडूनच खोलून घेतले. गंजलेले स्क्रू रॉकेल सोडल्यावर सुटले. आत, काचेच्या खालच्या पट्टीत, चांदीची डबी पाचरीसारखी अडकलेली.

यानेच लपवली, असे व्यापारी म्हणाला. हवालदाराने ड्रायव्हरची मानगूट धरली. माझे लक्ष मात्र डबीच्या दोऱ्याकडे होते. त्याचे टोक वर, काचेलगतच्या फटीत अडकले होते. तिथली रबरी पट्टी कधीच गळून गेली होती. आवरणाचे स्क्रू तर आमच्या डोळ्यांदेखत पहिल्यांदा हलले. म्हणजे डबी वरून पडली होती. पण ती गळ्यातून काढली कुणी?

"अप्पा, आता ह्याला कोठडीत घालावं लागेल," मी म्हाताऱ्याला मुद्दाम म्हणालो.

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"त्यानं न्हाई घेतली. मला लई तहान लागली होती. पोरगं पाणी हुडकाया गेलं, तवा यानं आपल्या पिशवीतलं पाणी दिलं. लिंग काढलं, लिंगाला पाणी दाखवून प्यालो. तेवढ्यात पोरगं येताना दिसलं. गडबडीत डबी दाराच्या कडेवर ठेवली अन् पोराशी बोलाया काच खाली केली. मीच ह्याला म्हणलं, कुणाला सांगू नगंस."

त्यांच्या घरात बौद्ध वस्तीतल्या माणसाच्या हातचे पाणी चालत नव्हते. डबी वाटेत रस्त्यावर पडली, असे म्हातारा समजून बसला होता, आणि ती गळ्यातून का काढली हे लेकाला सांगायची त्याला लाज वाटत होती. ड्रायव्हरने दिलेला शब्द पाळला होता, मान हवालदाराच्या हातात असतानाही.

हवालदार माठाकडे धावला. म्हाताऱ्याने हाताने नको म्हटले आणि गाडीच्या पुढे टांगलेल्या, पाण्याच्या त्याच कापडी पिशवीकडे बोट दाखवले. लेकासमोर, पंचांसमोर. तळहातावर लिंग घेतले, त्यावर पाणी घातले, मग ओंजळ पुढे केली.

"सावकाश प्या, अप्पा," ड्रायव्हर म्हणाला. दिवसभरात तो आपणहून बोलला ते एवढेच.

गप्प बसणारा आरोपी काहीतरी लपवत असतो, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते. ते खरेच आहे. पण तो ते कुणासाठी लपवतो, हे विचारायला मी त्या दुपारी शिकलो.