एकशे बारा आकृत्या

झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की मानपाड्यातलं ते टायपिंगचं दुकान आठवतं. दुसऱ्या दिवशी माझा प्रबंध द्यायचा होता आणि त्याच सकाळी मार्गदर्शक बाईंनी खडवलीच्या नदीकाठच्या गवताचा फोटो सगळ्यात आधी टाकायला सांगितला. म्हणजे पुढच्या एकशे बारा आकृत्यांचे क्रमांक आणि मजकुरातला त्यांचा प्रत्येक उल्लेख बदलायचा. मी दुकानात जाऊन टायपिस्ट बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "महिनाभर मला कासव म्हणालात ना ताई? एकही नंबर हाताने टाकलेला नाही, प्रत्येक उल्लेख कॉम्प्युटरमध्ये त्याच्या आकृतीला जोडून ठेवलाय, म्हणून तर वेळ लागला." त्यांनी फोटो बसवला, सगळा मजकूर निवडला आणि एक कळ दाबली. मी पेन्सिल घेऊन पान न् पान तपासलं. सत्तेचाळिसावी आकृती अठ्ठेचाळिसावी झाली होती आणि तिचा उल्लेख करणारं तीस पानं पुढचं वाक्यही तिच्यासोबत बदललं होतं. हे कसं होतं ते आज मी विद्यार्थिनींना शिकवते, तरी कळ दाबताना अजून श्वास रोखला जातो.